हिमनदीवर जायचंय, पण कुठल्या?



आज बचतीचं, व्याजाचं, बँकेच्या कागदांचं काही बोलायचं नाही असं ठरवून आले होते. पण विषय तिथूनच निघाला, त्यामुळे थोडं येईलच. बोलायचंय ते हिमालयातल्या बर्फाच्या डोंगरांवर जाण्याबद्दल. काही जणी म्हणतील, इथं टँकरची वाट बघून डोळे दुखायला लागले आणि ही बाई बर्फाचं काय घेऊन बसली! जरा थांबा, सांगते.

जुलै महिन्यात आमच्या एका गटाच्या सभेत एका ताईंनी कर्जाची मागणी मांडली. रक्कम 45,000 रुपये. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून सचिव थांबली, तर ताई म्हणाल्या, "लिही, मुलीला हिमालयातलं शिखर चढायला जायचंय." सभा गप्प झाली. मुलगी 22 वर्षांची, एका औषधाच्या दुकानात कामाला. सुट्टी मिळाली की गडावर. अजिंक्यतारा तिचा रोजचा, वासोटा झालाय, हरिश्चंद्रगड झालाय, कळसूबाई दोनदा. आपल्या साताऱ्याची प्रियंका मोहिते 2013 साली एव्हरेस्टवर गेली आणि 2022 साली कांचनजंगावर, तिचा फोटो हिच्या मोबाईलवर आहे. आणि त्याच मोबाईलवर एक जाहिरात आली होती. लडाखमधलं सहा हजार मीटरवरचं शिखर, आठ दिवसांत, आधीच्या अनुभवाची गरज नाही, प्रमाणपत्र मिळणार.

सभेत लगेच दोन तट पडले. एक आजी म्हणाल्या, पोरीला उजवायचं सोडून बर्फात कुठं पाठवता. दुसरी म्हणाली, म्हशीला कर्ज देता, मोटरसायकलला देता, पोरीनं एक डोंगर मागितला तर काय बिघडलं. मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. कारण गावात बर्फावर चाललेली बाई मी एकटीच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एनसीसीतून माझी निवड झाली होती आणि उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत मी बेसिक कोर्स केला. श्रेणी 'ब' मिळाली, 'अ' नाही. म्हणजे मी काही मोठी गिर्यारोहक नव्हे. पण कुठं फसगत होते एवढं मात्र कळतं.

मी गटाकडून आठ दिवस मागून घेतले आणि मुलीला समोर बसवलं. आमचं जे बोलणं झालं, तेच आज तुम्हाला सांगते. कारण आता अशा जाहिराती सगळ्यांच्याच मुलांच्या मोबाईलवर येतात.

आधी हिमनदी म्हणजे काय ते समजून घेऊ. उंच डोंगरात दर हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात सगळा वितळत नाही. वर्षानुवर्षं थरावर थर साचतो, खालचा बर्फ दाबून दगडासारखा घट्ट होतो आणि स्वतःच्याच वजनानं तो उतारावरून अगदी सावकाश खाली सरकायला लागतो. ती हिमनदी. उत्तरकाशीकडे तिला बमक म्हणतात. ती सरकते म्हणून तिला भेगा पडतात. आपल्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशाच, फक्त या भेगा दहा-वीस मीटर आणि त्याहूनही खोल असू शकतात. आणि खरी गोम इथंच आहे. ताजा बर्फ या भेगांवर झाकण घालतो. वरून बघाल तर सपाट, पांढरं, चालायला सोपं रान दिसतं. पाय पडला की झाकण तुटतं.

म्हणून हिमनदीवर माणसं एका दोराला बांधून, मधे अंतर ठेवून चालतात. एक जण भेगेत गेला तर बाकीच्यांनी जागच्या जागी बर्फावर पडून, आइस अ‍ॅक्स बर्फात रुतवून त्याला धरायचं. हे धरणं पुस्तक वाचून येत नाही. आम्हाला उतारावरून मुद्दाम घसरायला लावायचे, पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून, आणि प्रत्येक वेळी स्वतःला थांबवायचं. पहिल्या दिवशी मी एकदाही वेळेत थांबले नाही. चौथ्या दिवशी अंग आपोआप वळायला लागलं. ज्याच्या दोराला आपण बांधलोय त्याला हे येतं का, आणि आपल्याला येतं का, हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. तुमचं अंग घसरलं तर तुमच्याबरोबर आणखी तिघं ओढली जातात.

आता मुलीचा अनुभव बघा. ती म्हणाली, "मॅडम, मी वासोटा पाठीवर ओझं घेऊन केलाय." केलाच आहे, आणि ते काही सोपं नाही. तिच्या पायात ताकद आहे, तोल आहे, दम आहे. पण कळसूबाईचं टोक, आपल्या महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा, 1,646 मीटर आहे. मनालीचा बाजार 2,050 मीटरवर आहे. म्हणजे मनालीत एसटीतून उतरून भाजी घेणारी बाईसुद्धा कळसूबाईच्या वर उभी असते! (तिकडं एसटी नाही, हिमाचलची बस, पण समजलं ना?) लेह 3,500 मीटरवर. आणि साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्माच उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू. तिथं अंग कसं वागेल हे वासोट्यावर कळत नाही. धट्टीकट्टी माणसं आडवी होतात आणि किरकोळ अंगाची बाई चालत राहते. आधी सांगता येत नाही, उंचीवर जाऊनच कळतं.

म्हणून मी तिला म्हटलं, अनुभव म्हणून एकच आकडा सांगू नकोस. त्याचे भाग पाड. तू किती उंचीवर रात्री झोपली आहेस? शून्याखालच्या थंडीत सलग किती दिवस तंबूत राहिलीस? क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, घालून चालली आहेस का? दोराला बांधून घेऊन चालली आहेस का? चारही उत्तरं 'नाही' आली. मुलगी हिरमुसली. मी म्हटलं, अगं यात कमीपणा काय. आपण गटात कर्ज देताना हेच करतो की. एखादी म्हणाली मला एकदम चार म्हशी घ्यायच्यात, तर आपण विचारतो, गोठा आहे का, वैरण आहे का, आधी शेरडं सांभाळलीस का, एक म्हैस सांभाळलीस का. तिचा अपमान करायला विचारत नाही, तिचा हप्ता बुडू नये म्हणून विचारतो.

बचेंद्री पाल यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या नाकुरी गावच्या. 1984 साली एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. डोंगरातच जन्मलेली ही बाई, तरी आधी संस्थेत कोर्स केले, मग 1982 साली 5,819 मीटरचं रुद्रगैरा आणि 6,672 मीटरचं गंगोत्री-1 ही शिखरं केली, आणि मग एव्हरेस्ट. पायऱ्या तिनंही गाळल्या नाहीत.

मग पायऱ्या कुठल्या? पहिली अशी की हिमनदी डोळ्यांनी बघायची, पण तिच्यावर चढायचं नाही. उत्तराखंडच्या बागेश्वर जिल्ह्यात पिंडारीची वाट आहे. खाती नावाच्या गावावरून, जंगलातून, नदीच्या कडेनं जाते आणि झिरो पॉइंट म्हणतात तिथं, साधारण 3,660 मीटरवर संपते. समोर हिमनदी. दोर लागत नाही, क्रॅम्पॉन लागत नाहीत, पण उंची, थंडी आणि सलग आठवडाभराची चाल या तिन्हींची ओळख होते. दुसरी वाट गंगोत्रीहून गोमुखाची, 18 किलोमीटर. तिथं वनखात्याची परवानगी लागते आणि रोज ठराविकच माणसं सोडतात. गोमुखाच्या पुढं तपोवनला जायचं तर मात्र गोष्ट बदलते. हिमनदीवर पसरलेल्या दगडगोट्यांच्या राड्यातून वाट काढावी लागते, दगड हलते असतात, खाली बर्फ असतो. तिथं जाणता गाईड पाहिजेच. जाहिरातीत दोन्ही एकाच ओळीत लिहितात, 'गोमुख-तपोवन', जशी काही एकच चाल.

त्यानंतरची पायरी म्हणजे शिकणं. उत्तरकाशीची संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची संस्था, पहलगामची संस्था, या सरकारी संस्थांमध्ये 26 ते 28 दिवसांचा बेसिक कोर्स असतो. आमचा खडक चढायचा सराव उत्तरकाशीजवळच्या तेखल्याला झाला, मग पाठीवर ओझं घेऊन डोक्रियानी बमकवर. गाठी मारणं, दोर सांभाळणं, बर्फात पायऱ्या खोदणं, भेगेत पडलेल्याला वर काढणं. खर्च खाजगी मोहिमेपेक्षा बराच कमी, राहणं-जेवण-साहित्य धरून. काही तुकड्या फक्त महिलांच्याही निघतात. कॉलेजात असाल तर एनसीसीच्या मार्फत जाता येतं. अडचण दोनच. नंबर लागायला महिने लागतात, आणि जवळजवळ महिनाभर सुट्टी कोण देतं? नोकरी करणाऱ्या बाईला, लेकुरवाळीला ते अवघडच. त्यांच्यासाठी काही खाजगी संस्था सहा-आठ दिवसांचं बर्फावरचं शिक्षण देतात. कोर्सची सर त्याला नाही, पण थेट शिखराला जाण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

आणि मग शिखर. मनालीजवळ सोलांगच्या बाजूला फ्रेंडशिप नावाचं शिखर आहे, 5,289 मीटर. नाव मैत्रीचं आहे आणि जाहिरातीत नवख्यांचं म्हणूनच विकतात. ज्यानं कोर्स केलाय, ज्याला उंचीची सवय झालीय, त्याच्यासाठी ते खरंच चांगलं आहे. पण हिशेब बघा. वाटेत मुक्कामाची लेडी लेग नावाची जागा साधारण 3,800 मीटरवर. तिथून थेट शिखराला जायचं तर एका रात्रीत जवळजवळ दीड हजार मीटर चढ, तो बर्फात, आणि तेवढंच खाली. म्हणजे रात्रीच्या अंधारात कळसूबाईच्या पायथ्यापासून टोकापर्यंत दीड-दोन वेळा, श्वास अपुरा असताना. म्हणून विचारायचं, मधे आणखी एक वरचा कॅम्प आहे की नाही? आहे म्हणाले तर बरं.

रात्री का निघतात, तेही सांगते. रात्री बर्फ कडक असतो. ऊन आलं की तो भुसभुशीत होतो, झाकणं कच्ची होतात, वरचे दगड सुटतात, बर्फाचे लोंढे येतात. म्हणून रात्री एक-दोनला निघायचं आणि ठरलेल्या वेळी, शिखर शंभर पावलांवर असलं तरी, मागं फिरायचं. कंपनीला विचारा, मागं फिरायची वेळ किती वाजताची? वेळ सांगता आली नाही तर ती कंपनी नको. आणि जी कंपनी शिखर गाठण्याची हमी देते, ती तर नकोच नको. पाऊस पडेल अशी हमी देणारा भविष्यवाला आपण दारात उभा करत नाही.

आता मुलीच्या जाहिरातीतलं शिखर. लडाखमधलं कांग यात्से-2, उंची 6,250 मीटर. हे शिखर वाईट नाही. पण त्या आठ दिवसांचा हिशेब आम्ही दोघींनी गटाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. उंचीचा साधा नियम आहे, 3,000 मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसभर चढून वर गेलं तरी चालेल, झोपायला खाली यायचं. लेहला विमानानं उतरलं की एकदम 3,500. तिथं तीन रात्री. बेस कॅम्प 5,100 मीटरच्या आसपास, म्हणजे 1,600 मीटर वर, त्याला चार मुक्काम आणि मधे विसाव्याचा एक. झाले आठ. अजून शिखराला हात लागलेला नाही. शिखराचा एक, हवा बिघडली तर राखीव एक, उतरायचे दोन. बारा दिवसांचं काम आठ दिवसांत करतो म्हणणारा माणूस चार दिवस कुठून आणतो? तुमच्या अंगातून आणतो.

उंची न सोसल्याची लक्षणं साधी असतात. डोकं ठणकणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं. एवढं असलं की पुढं चढायचं नाही, थांबायचं, आणि वाढलं तर खाली. पण बसल्या जागी धाप लागली, छातीत खरखर वाजायला लागली, किंवा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या द्यायला लागला, बोलण्यात बरळ आली, तर ते फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्याचं लक्षण. मग रात्र असो, पाऊस असो, लगेच खाली उतरवायचं. सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेततं. डायमॉक्स नावाची गोळी सगळे सुचवतात. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, सल्फाच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. आणि गोळी घेतली म्हणून दिवस वाचत नाहीत.

आता माझी फजिती सांगते. कोर्सनंतर पाच वर्षांनी, लग्नाआधी, मी एका मैत्रिणीबरोबर मनालीच्या बाजूला एका खाजगी मोहिमेला गेले. कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही 14 जण आणि गाईड दोन. गाईड चांगले होते, तिथल्याच गावचे, त्यांना दोष देणार नाही. पण दोर एकच. बूट आणि क्रॅम्पॉन वाटले ते शिखराच्या आदल्या संध्याकाळी, टॉर्चच्या उजेडात. बायकांच्या मापाचे बूट पोत्यात नव्हतेच. माझ्या वाट्याला दोन नंबर मोठे आले, आत तीन मोजे घालून बसवले. रात्री एक वाजता निघालो आणि तासाभरात एकाला ओकाऱ्या सुरू झाल्या. एक गाईड त्याला घेऊन खाली गेला. उरलो 13 आणि एक गाईड. तरी विचारणा झाली, कोण कोण वर येणार? बहुतेक हात वर झाले, कारण पैसे भरलेले होते. मी परत फिरले. शहाणी होते म्हणून नाही, डाव्या पायाचा क्रॅम्पॉन दर वीस पावलांनी निसटत होता म्हणून. माझ्याबरोबर आणखी दोघी फिरल्या. बाकीचे दीड तासानं आले, बर्फ भुसभुशीत झाला होता. कुणाला काही झालं नाही, आणि कुणाला काही न झाल्यामुळं त्या कंपनीनं पुढच्या आठवड्यात तसेच 14 जण नेले असतील.

तेव्हापासून माझे प्रश्न ठरलेले आहेत. शिखराच्या दिवशी एका गाईडमागं किती जण? हिमनदीवर तीन-चाराच्या वर नकोत. एक आजारी पडून गाईड त्याच्याबरोबर खाली गेला तर बाकीच्यांचं काय? गाईडनं कुठला कोर्स केलाय, बेसिक की अ‍ॅडव्हान्स, शिकवण्याचा की सुटकेचा, आणि नेमक्या याच शिखरावर तो किती वेळा गेलाय? माझ्या मापाचे बूट आहेत का, आणि ते मला पहिल्याच दिवशी घालून बघता येतील का? शिखराआधी बर्फावर सरावाचा दिवस आहे का? शिखराला परवानगी लागत असेल तर तिचा कागद दाखवा. बऱ्याच शिखरांना दिल्लीच्या इंडियन माउंटनिअरिंग फाउंडेशनची परवानगी लागते. प्राणवायूची नळी बेस कॅम्पवर आहे का? आणि काही झालं तर खाली निरोप कसा जाणार? मोबाईल चालत नाही, आणि सॅटेलाइट फोन आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही. मग वायरलेस आहे का, की माणूस पळत जाणार? विम्याचा कागदही नीट वाचून घ्या. साध्या प्रवास विम्यात दोर लावून चढणं बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

एवढं विचारलं तर ते आपल्याला घेणार नाहीत, असं मुलगी म्हणाली. अगं, म्हैस घेताना दलाल कितीही म्हणू दे बारा लिटर दूध आहे, आपण दोन वेळची धार स्वतः काढून बघतोच ना? धार काढू न देणाऱ्याची म्हैस आपण घेत नाही.

बायकांचं म्हणून थोडं वेगळं सांगते, कारण हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. आधी हिमोग्लोबिन तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. रक्त कमी असेल तर हवेत आधीच कमी असलेला प्राणवायू अंगाला आणखी कमी पोचतो. पाळी तिथं आली तर घाबरायचं काही नाही, पण उंचीमुळं ती मागं-पुढं होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी सामान बरोबर हवं, आणि वापरलेलं सगळं दुहेरी पिशवीत बांधून खाली आणायचं. दिवस गेलेले असतील तर जायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं. लघवीला जायची लाज वाटते म्हणून बायका पाणी कमी पितात. बसमध्ये करतो तेच तिथंही करतो. उंचीवर ते फार वाईट. डोकं दुखायला लागतं आणि मग ते उंचीचं की तहानेचं हेच कळत नाही. आणि हिमनदीवर दोर सोडून आडोशाला एकटीनं जायचं नाही, कधीच नाही. दोराला बांधलेल्या अवस्थेतच, बाकीच्यांना तोंड फिरवायला सांगून. पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा होत नाही. कंपनीला आधी विचारा, तुकडीत आणखी किती बायका आहेत, कुणी बाई गाईड आहे का.

हे सगळं मी त्या मुलीला सांगत होते तेव्हा एक गोष्ट सांगायची टाळत होते. मग तिनंच काढली. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीच्याच संस्थेची अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का डांडा-2 या 5,670 मीटरच्या शिखरावर बर्फाच्या लोंढ्यात सापडली आणि पंचवीसहून जास्त जण गेले. त्यात सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिनं एव्हरेस्ट आणि मकालू 16 दिवसांत चढले होते, आणि त्या तुकडीबरोबर ती शिकवायला गेली होती. ज्या डोंगराच्या पायथ्याशी मी बर्फावर चालायला शिकले, तोच हा डोंगर. मुलगी म्हणाली, "मग तुमच्या पायऱ्यांचा काय उपयोग? त्यांनी तर सगळ्या केल्या होत्या." मला पटकन उत्तर सुचलं नाही. नंतर म्हटलं, डोंगरावर काही धोके असे असतात की कितीही शिकलं तरी ते राहतातच. ते पत्करायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पण बुटाचं माप, दोराची संख्या, दोन मुक्कामांतली उंची हे धोके तसले नाहीत. ते कुणीतरी पैसे वाचवण्यासाठी तुझ्या पिशवीत टाकलेले असतात. ते तरी उचलू नकोस. तिला हे कितपत पटलं माहीत नाही.

तिनं त्या कंपनीला प्रश्न लिहून पाठवले. बुटाच्या प्रश्नाला उत्तर आलं, "मिळून जाईल." गाईडच्या प्रश्नाला आलं, "मॅडम, टेन्शन घेऊ नका." दिवसांच्या हिशेबाला उत्तर आलंच नाही. आलं ते फक्त आगाऊ रकमेची आठवण.

लडाखचंच आणखी एक सांगायचं राहिलं. तिथल्या स्टोक गावाच्या वर स्टोक कांगरी नावाचं शिखर आहे, 6,153 मीटर. नवखे लोक तिथं इतक्या मोठ्या संख्येनं जायला लागले की घाण साचली आणि गावाच्या पाण्याला धोका झाला. गावाचं पिणं आणि शेती त्या हिमनदीच्या पाण्यावर. गावानं पुढाकार घेतला आणि 2020 पासून ते शिखर बंद केलं. धंदा बुडेल याची पर्वा केली नाही. हे सभेत सांगितलं तेव्हा मघाच्या आजी पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलल्या. म्हणाल्या, "बरोबर केलं त्यांनी. आडात कुणी पाय धुतं का?" कुठं जाल तिथं आपला कचरा कोण खाली आणतं, हा प्रश्न मग आजींनीच यादीत घालायला लावला.

गटाच्या सभेत 45,000 ची मागणी मागं घेतली गेली. त्याच सभेत 18,000 मंजूर झाले, पिंडारीसाठी, बारा हप्त्यांत. हप्ता मुलगी स्वतःच्या पगारातून भरणार, आई जामीन. कारणाच्या रकान्यात सचिवानं "गिर्यारोहण पूर्वतयारी" असं लिहिलं आणि ब्लॉकच्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. उत्तरकाशीच्या बेसिक कोर्सचा अर्जही भरलाय. नंबर कधी लागतो बघायचं. दुकानाच्या मालकानं महिनाभराच्या सुट्टीला अजून होकार दिलेला नाही, तेही काम बाकी आहे.

तिचं हिमोग्लोबिन जुलैमध्ये 10.4 आलं होतं. तीन महिने गोळ्या घेतल्या, आईनं रोज शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि पालेभाजी खायला घातली. परवा तपासलं तर 12.1. येत्या सोमवारी ती निघतेय. माझे जुने लोकरीचे हातमोजे घेऊन गेलीय, आणि गोठणीच्या पातळीखाली पाण्याची बाटली उलटी ठेवायची, म्हणजे तोंड गोठत नाही, एवढं वहीत लिहून घेतलंय.